निओ जिओ हातात आलं, आता पुढे काय? माझे आवडते गेम्स आणि ते नीट शिकायची पद्धत

निओ जिओ, म्हणजे एसएनके कंपनीचं नव्वदच्या दशकातलं गेम मशीन, पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, मेटल स्लग हा गोळीबाराचा गेम लावतात, मेलं की क्रेडिट (एका नाण्यात मिळणारी खेळी) दाबतात, परत मेलं की परत क्रेडिट, असं करत पाऊण तासात शेवटच्या बॉसपर्यंत पोचतात आणि म्हणतात झाला गेम, आता दुसरा कुठला? मीपण सुरुवातीला असंच केलं आणि महिन्याभरात पंधरा गेम "संपवून" एकही गेम मला येत नव्हता. मग चुलत भावाने एक दिवस सांगितलं की आजपासून एकच क्रेडिट, मेलास की स्टिक माझ्याकडे. त्या दिवसापासून हे मशीन मला कळायला लागलं. म्हणून ही पूर्ण गाईड त्या एकाच गोष्टीवर उभी आहे, एक क्रेडिट घ्या, मेलात की थांबा, कशाने मेलात ते आठवा आणि परत पहिल्यापासून सुरू करा.

याचं कारण मशीनमध्येच आहे. एसएनके ही ओसाकाची कंपनी, १९९० मध्ये त्यांनी निओ जिओचं आर्केडसाठीचं (नाणं टाकून खेळायच्या दुकानांसाठीचं) मशीन एमव्हीएस काढलं आणि त्याच वर्षी घरासाठीचं एईएस. दोघांच्या आत हार्डवेअर तेच, १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०००, आवाजासाठी झायलॉगचा झेड८० आणि यामाहाची वायएम२६१० चिप. बाकी कन्सोलवर आर्केडचा गेम यायचा तो कापून, छोटा करून यायचा, रंग कमी, कॅरेक्टर बारके, मधल्या फ्रेम गायब. इथे कापायचा प्रश्नच नव्हता कारण कार्ट्रिजमध्ये आर्केडचाच गेम असायचा, फक्त कार्ट्रिजचा आकार आणि पिनांची मांडणी वेगळी जेणेकरून एकाची दुसऱ्यात बसू नये. जपानमध्ये आधी एईएस भाड्याने द्यायचे, विकायला नंतर काढलं, आणि अमेरिकेत स्टिक आणि गेमसकटचा गोल्ड पॅक ६४९.९९ डॉलरला होता, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या कन्सोलच्या कितीतरी पट. पण आर्केडचा गेम जसाच्या तसा घरी आला म्हणजे आर्केडची भूकपण घरी आली, नवख्या माणसाला दोन-तीन मिनिटांत बाहेर काढून पुढचं नाणं टाकायला लावायचं हाच त्या गेम्सचा हिशोब होता. घरी नाणं लागत नाही, त्यामुळे तो ताण निघून जातो आणि गेमचा अर्धा जीव जातो. तो ताण आपणच परत आणायचा, बस.

आता खेळायचं कशावर. ओरिजनल एईएस असेल तर भारीच, पण एक गोष्ट आधी करा, कन्सोल उलटा करून तळाचं लेबल वाचा. जुन्या एईएसला ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि नंतरच्यांना ९ व्होल्टचा, आणि ९ वाला जुन्यात लावला तर मशीन जळू शकतं. बॉक्समध्ये जो अडॅप्टर आला तोच बरोबर असेल असं धरून चालू नका, मधे किती हातांतून गेलाय काय माहीत. कार्ट्रिज चालू मशीनमधून कधीच काढायची नाही, कधीच म्हणजे कधीच. चित्र फाटलेलं किंवा रंगीत चौकोन दिसले तर दहातल्या नऊ वेळा कार्ट्रिजचे कॉन्टॅक्ट घाण असतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कॉटन बड भिजवून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. आत दोन बोर्ड असतात, एकावर ग्राफिक्सचा माल आणि दुसऱ्यावर प्रोग्राम, त्यामुळे दोन्हीकडच्या पिना पुसायच्या, एकच पुसून लोक म्हणतात फरक पडला नाही.

अजून एक, गेमची भाषा कार्ट्रिजवर नाही तर कन्सोल कुठल्या देशातला आहे त्यावर ठरते. तीच कार्ट्रिज जपानी एईएसमध्ये जपानी दिसते आणि अमेरिकनमध्ये इंग्रजी, आणि समुराई शोडाऊनसारख्या गेममध्ये रक्त दिसणार की नाही हेसुद्धा त्यावरच. युनिबायोस नावाची चिप बसवली की हे मेनूमधून बदलता येतं, आर्केड मोडपण चालू करता येतो. पण सोल्डरिंग येत नसेल तर स्वतः हात घालू नका.

ओरिजनल नसेल तरी काही बिघडत नाही, मनापासून सांगतो. हॅमस्टर कंपनीची एसीए निओ जिओ सिरीज स्विच, पीएस४, एक्सबॉक्स वनवर आहे, एकेक गेम सुटा मिळतो आणि काम चोख आहे. त्यात हाय स्कोअर मोड आहे, एकच क्रेडिट आणि सेव्ह नाही, आणि कॅरव्हॅन मोड आहे ज्यात पाच मिनिटांत जास्तीत जास्त स्कोअर करायचा. या गाईडसाठी ते दोन मोड एकदम परफेक्ट बसतात. २०१८ मध्ये आलेला निओ जिओ मिनीपण आहे, ४० गेम आत, पण त्याची स्क्रीन बारकी आहे, फायटिंग शिकायला मी तरी तो घेणार नाही. निओ जिओ सीडी १९९४ चं, गेम तेच पण ड्राईव्ह सिंगल स्पीड, एकेका फाईटच्या आधी लोडिंग बघत बसायचं. त्याचा पॅड मात्र अप्रतिम आहे, टकटक आवाज करणारी छोटी अंगठ्याची स्टिक असलेला, आणि तो एईएसलासुद्धा बसतो कारण १५ पिनचं सॉकेट तेच आहे.

टीव्हीवर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस जरा उशिराने हलतो आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. स्क्रीन ४:३ ठेवा, ताणू नका. मूळ चित्र ३२० बाय २२४ चं आहे आणि प्रत्येक ठिपका हाताने काढलेला आहे, ताणलं की फायटिंग गेममधला टेरी जाडा दिसतो. बटणं चार, ए बी सी डी, मूळ स्टिकवर एका ओळीत. आधुनिक पॅडवर फायटिंग गेम खेळताना मी ए डावीकडे, बी खाली, सी वर आणि डी उजवीकडे ठेवतो, म्हणजे हलका पंच आणि हलकी किक शेजारी शेजारी, जड पंच आणि जड किक शेजारी शेजारी, ते का लागतं ते खाली किंग ऑफ फायटर्समध्ये कळेल.

आता गेम्स. क्रम माझा आहे, मी कुणाला शिकवायला बसलो तर ह्याच क्रमाने शिकवतो.

सुरुवात मेटल स्लगनेच करा, १९९६ चा पहिला. नाझ्का नावाच्या टीमने केलेला, त्यातली मंडळी आधी आयरेममध्ये होती, आणि त्यांनी एकेका सैनिकाला जेवढं ॲनिमेशन दिलंय तेवढं दुसऱ्या गेममध्ये हिरोला मिळत नाही, गप्पा मारत बसलेले सैनिक तुम्हाला बघून ओरडत पळतात ते बघायलाच मी कितीदा थांबलोय. सहा मिशन आहेत. ए ला गोळी, बी ला उडी, सी ला ग्रेनेड. एका गोळीत मरता, पण गोळ्या हळू येतात, म्हणजे गेम तुमच्या हाताच्या स्पीडपेक्षा डोळ्यांवर जास्त आहे. लोक सतत पुढे पळतात, तिथेच मरतात. दोन पावलं पुढे जा, स्क्रीनवर नवीन कोण आलं बघा, मारा, मग परत दोन पावलं. शत्रू अगदी जवळ असला की तेच गोळीचं बटण चाकू होतं, तर साध्या पिस्तुलाच्या वेळी चाकूची सवय लावा.

हेवी मशीन गन मिळाली की एक ट्रिक नक्की शिका, गोळ्या चालू ठेवून स्टिक समोरून वर न्या, मधल्या क्षणात गोळ्या तिरक्या जातात आणि उडणारं काहीही त्या तिरक्या फवाऱ्यात येतं. मी ही गोष्ट खूप उशिरा शिकलो आणि तिसऱ्या मिशनपासून पुढचा गेम अर्धा सोपा झाला. ग्रेनेड दहा मिळतात आणि सगळे जण ते बॉससाठी राखून ठेवतात आणि राखता राखता मरतात, नवीन जीव आला की ग्रेनेड परत दहा होतात हे लक्षात घ्या आणि मोकळ्या हाताने फेका, रणगाडा दिसला की फेका. दाढीवाले कैदी सोडवायला विसरू नका, मिशन संपल्यावर त्यांची नावं एकेक करून वाचली जातात आणि बोनस मिळतो, पण मधे मेलात तर तोपर्यंतचे सगळे कैदी हातचे गेले. म्हणजे गेमच तुम्हाला न मरता खेळायला लावतोय. आणि स्लग म्हणजे तो गोंडस रणगाडा, त्यात बसलात की त्याची हालत बघत राहा, फुटायच्या बेतात आला की खाली अधिक उडी दाबून बाहेर पडा, त्याच्यासोबत मरायची गरज नाही.

पहिल्या आठवड्याचं ध्येय फक्त पहिली दोन मिशन एकही जीव न घालवता, बाकी काही नाही. ते जमलं की मेटल स्लग एक्स लावा, १९९९ चा. तो मेटल स्लग २ चाच सुधारलेला अवतार आहे, २ मध्ये गर्दी झाली की गेम फार संथ व्हायचा ते एक्समध्ये बरंच कमी केलंय आणि शत्रू, हत्यारं सगळी नव्याने मांडलीत, म्हणून २ सोडून थेट एक्स खेळला तरी चालतो. ३ वर शेवटी येऊ.

दोघं जण असाल तर मधेच विंडजॅमर्स लावा. १९९४, डेटा ईस्ट. वाळूवर समोरासमोर उभं राहून चकती फेकायची, समोरच्याच्या मागच्या भिंतीत गेली की पॉइंट, पट्ट्याप्रमाणे तीन किंवा पाच, आणि वरून टाकलेली चकती त्याच्या कोर्टात जमिनीवर पडली तर दोन. दोन मिनिटांत कुणालाही समजतो, घरातल्या कधीही गेम न खेळणाऱ्या माणसालासुद्धा. गुपित एकच, चकती पकडल्या पकडल्या लगेच फेकली तर ती जोरात जाते, हातात धरून विचार करत बसलात तर जोर ओसरतो. नवखे लोक नेम धरत बसतात. नेम आधी धरायचा, चकती हवेत असताना, हातात येईपर्यंत कुठे फेकायची ते ठरलेलं पाहिजे. आणि समोरच्याने वर उडवलेली चकती जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभे राहिलात तर तुमची स्पेशल थ्रो तयार होते. मी आणि भाऊ यावर पूर्ण दुपार घालवायचो, पंधरा-पंधरा मॅच, आणि तरीपण शेवटची एक म्हणून अजून तीन.

आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक हे मशीन घेतात ते, किंग ऑफ फायटर्स ९८. सिरीज १९९४ पासून दर वर्षी यायची, पण शिकायचं असेल तर ९८ च, कारण त्यात स्टोरी नाही, आधीच्या वर्षांतले जवळपास सगळे फायटर एकत्र आणलेत आणि तोल फार छान आहे. तीन विरुद्ध तीनची टीम. सुरुवातीला दोन मोड विचारतो, ॲडव्हान्स्ड आणि एक्स्ट्रा, डोळे झाकून ॲडव्हान्स्ड घ्या, त्यात पळता येतं आणि ए आणि बी एकत्र दाबून रोल मारता येतो, म्हणून ती दोन बटणं शेजारी हवीत. सी आणि डी एकत्र दाबलं की समोरच्याला लांब उडवणारा जड फटका.

ह्या गेमचा पाया म्हणजे छोटी उडी. स्टिक वर-पुढे फक्त टिचकी मारल्यासारखी लावा आणि सोडा, माणूस बुटकी, पटकन उडी मारतो, धरून ठेवली तर पूर्ण उडी. ९८ मधली अर्धी लढाई ह्या छोट्या उडीची आहे, कारण ती एवढी पटकन येते की समोरच्याला वर बघायला वेळ मिळत नाही. प्रॅक्टिस मोडमध्ये दहा मिनिटं नुसत्या छोट्या उड्या मारा, डावीकडून दहा, उजवीकडून दहा, नंतर त्यात डी जोडा. कंटाळवाणं वाटेल, पण कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले फटके, पाठ करण्याआधी हे करा, माझं ऐका.

टीम कुठली घ्यायची तर पहिल्या नंबरला इओरी घ्या. त्याचं खाली-पुढे फिरवून पंच म्हणजे जमिनीवरून जाणारी जांभळी ज्वाला, आणि पुढे-खाली-पुढे अधिक पंच म्हणजे उडी मारून येणाऱ्याला वर फेकणारी ज्वाला. ह्या दोन मूव्हमध्ये जमीन आणि आकाश दोन्ही सांभाळले जातात, एवढ्यावर कॉम्प्युटरचे निम्मे फायटर हरतात. दुसऱ्याला क्यो, तिसऱ्याला क्लार्क, कारण क्लार्क पकडून आपटतो आणि ब्लॉक करत बसणाऱ्याचा इलाज तोच. तीनपेक्षा जास्त कॅरेक्टर पहिल्या दोन महिन्यांत शिकू नका, सिलेक्ट स्क्रीन मोठी आहे म्हणून मोह होतो. क्रमालापण अर्थ आहे, ॲडव्हान्स्डमध्ये तुमचा एक फायटर हरला की पुढच्याला पॉवरचा एक स्टॉक (सुपर मूव्ह मारायला लागणारा साठा) जास्त साठवता येतो, पहिल्याला तीन, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच. म्हणजे ज्याच्या सुपर मूव्ह भारी तो शेवटी ठेवायचा. शेवटी ओमेगा रुगाल येतो आणि तो खरंच निर्दयी आहे. त्याच्या अंगावर उड्या मारत जाऊ नका, लांबून ब्लॉक करत त्याची मूव्ह चुकू द्या आणि तो रिकामा सापडला की एक जड फटका मारून परत मागे या. एका फटक्यावर समाधान मानायचं, हव्यास धरला की तिथेच संपता.

मग समुराई शोडाऊन २, १९९४. हा किंग ऑफ फायटर्सच्या अगदी उलटा आहे आणि म्हणूनच त्याच्यानंतर खेळा. इथे कॉम्बो जवळपास विसरा. ए हलका वार, बी मधला, ए आणि बी एकत्र म्हणजे जड वार, आणि हाओमारू नावाच्या तलवारबाजाचा एक जड वार बरोबर बसला तर समोरच्याचा मोठा तुकडा जातो. चार-पाच वारांत राऊंड संपतो, त्यामुळे राऊंडचा बहुतेक वेळ काहीच न करता अंतर मोजण्यात जातो आणि तेच ह्या गेमचं सौंदर्य आहे, दोघंही एक पाऊल पुढे एक पाऊल मागे करतायत, कॅमेरा लांब जातोय, जवळ येतोय, आणि मग एक जण चुकतो. शिकायची पद्धत अशी, पहिले दहा राऊंड फक्त मागे सरका, आणि समोरच्याचा वार हवेत गेला की जड वार मारा, दुसरं काहीच करायचं नाही. तलवारी एकमेकींत अडकल्या तर सगळी बटणं जोरात बडवा, हरलात तर तलवार हातातून उडते आणि ती जाऊन उचलावी लागते. मार खाल्ला की खालचा रागाचा मीटर भरत जातो, भरला की तोंड लाल होतं आणि वार जास्त लागतो, म्हणून हरत असताना सोडून देऊ नका, एक वार सगळं फिरवतो. अधूनमधून एक माणूस पळत येऊन वस्तू फेकतो, खायचं असलं तर घ्या, बॉम्ब असला तर लांब पळा.

गरौ, मार्क ऑफ द वुल्व्ह्ज, १९९९. मला एकच कार्ट्रिज ठेवायला सांगितली तर ही. मशीन चालू करताना स्क्रीनवर ३३० मेगाची (कार्ट्रिजमध्ये किती माल मावतो त्याची) फुशारकी येते ना, ही ६८८ मेगाबिटची आहे, आणि नऊ वर्षं जुन्या हार्डवेअरवर एवढं मऊ ॲनिमेशन चालतंय ह्यावर विश्वास बसत नाही. टेरी मोठा झालाय, टोपी नाही, आणि त्याने वाढवलेला रॉक हा नवा हिरो. इथे दोनच गोष्टी शिकायच्या. एक जस्ट डिफेंड, समोरचा फटका लागायच्या अगदी त्या क्षणी स्टिक मागे लावायची, आधीपासून धरून नाही, तर अंग चमकतं, थोडीशी लाईफ परत मिळते आणि तुम्ही लगेच उलट मारू शकता. हे हवेतसुद्धा चालतं. शिकायला प्रॅक्टिसपेक्षा गोळ्या फेकणारा शत्रू बरा, टेरीची जमिनीवरून येणारी लाट लांबून येते, तिच्यावर टायमिंग पकडा, ते बसलं की मग जवळच्या किकवर. दुसरं म्हणजे टॉप. फाईटच्या आधी विचारतात लाईफबारचा कुठला भाग टॉप ठेवू, सुरुवातीचा, मधला की शेवटचा, आणि लाईफ त्या भागात असताना तुमचे फटके जास्त लागतात, लाईफ हळूहळू भरते आणि सी अधिक डी ने खास अटॅक मिळतो. शिकताना शेवटचा भाग घ्या, हरायच्या वेळी हात मिळतो. हात बसला की पहिला भाग घेऊन बघा, गेमचा पूर्ण स्वभाव बदलतो, कारण आता तुम्हाला सुरुवातीपासूनच चढाई करायची आहे.

गरौ आवडला तर लास्ट ब्लेड २ पण आवडेल, १९९८ चा, जपानच्या शोगुनशाहीच्या शेवटच्या काळातला. डी बटण म्हणजे समोरचा वार झटकणं, तेवढं एक शिकलात की पुढे तुम्हीच खेळत बसाल. पॉवर मोड घ्या, स्पीड नंतर.

फायटिंगने बोटं दुखली की शॉक ट्रूपर्स, १९९७. वरून दिसणारा, पळापळीचा. आठ जणांतून एकटा किंवा तिघांची टीम निवडता येते, टीमच घ्या, कारण खेळता खेळता माणूस बदलता येतो आणि तिघांची लाईफ वेगवेगळी असते. रोल मारताना गोळी लागत नाही, हे एकदा अंगात भिनलं की सगळा गेम नाचासारखा वाटतो. जंगल, डोंगर, दरी असे तीन रस्ते आहेत, तीन वेळा खेळायला निमित्त.

शूटिंगमध्ये दोन नावं नेहमी येतात, पल्सटार १९९५ चा आणि ब्लेझिंग स्टार १९९८ चा. आधी ब्लेझिंग स्टार, कारण मेलात की तिथूनच पुढे चालू. बटण धरून चार्ज केलेली एक गोळी सोडून एका झटक्यात अनेक विमानं उडवली की स्कोअर गुणाकाराने वाढतो, म्हणून सतत गोळीबार करू नका, धरा, शत्रूंची रांग जुळू द्या, मग सोडा. पल्सटारमध्ये मेलात की मागच्या ठिकाणी परत, हत्यारं गेलेली, आणि प्रत्येक जागा पाठ असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिसायला दोन्हींत तो जास्त देखणा, पण त्याच्याकडे सवडीने जा.

आणि निओ टर्फ मास्टर्स, ज्याला कुणी हात लावत नाही कारण गोल्फ. १९९६, तीच नाझ्का टीम, मेटल स्लगवाली. बटण दाबलं की मीटर सुरू, दुसऱ्यांदा दाबून जोर, तिसऱ्यांदा दाबून उंची, संपलं. वारा समोरून असेल तर बॉल खाली ठेवायचा, मागून असेल तर वर उचलायचा, एवढं कळलं की तुम्हाला गोल्फचा ओ की ठो माहीत नसला तरी चालतं. चार कोर्स आहेत, जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी. मी कामावरून दमून आलो की हाच लावतो.

मॅजिशियन लॉर्ड मशीनच्या पहिल्या खेपेतला, त्याची चित्रं बघून सगळे भुलतात आणि सुरुवातच तिथून करतात. तो फार कठीण आहे, व्ह्यूपॉइंटसुद्धा, दोन्ही गेम चांगलेच आहेत पण पहिल्या सहा महिन्यांत नको.

मेमरी कार्डबद्दल राहिलंच. घरगुती कन्सोलमध्ये काढता येणारं मेमरी कार्ड आणणारं हे पहिलं मशीन, आणि तेच कार्ड खिशात घालून आर्केडच्या एमव्हीएसमध्ये लावून तिथून पुढे खेळता यायचं. वापरा, पण स्टेज पुढे ढकलायला नाही. मी त्याचा उपयोग सरावासाठी करतो, जिथे नेहमी मरतो त्या जागेचा सेव्ह ठेवतो, तेवढाच तुकडा वीस वेळा खेळतो आणि मग कार्ड काढून पहिल्यापासून एक क्रेडिट.

आता मेटल स्लग ३, २००० चा, ७०८ मेगाबिट. मिशन फक्त पाच, पण रस्ते फुटतात, पहिल्याच मिशनमध्ये पाण्याखालून जाता येतं, आणि शेवटचं मिशन एकटं बाकीच्यांच्या कितीतरी पट लांब आहे. दुसऱ्या मिशनमध्ये झोंबी तोंडातून काही फेकतात, ते लागलं की तुम्हीच झोंबी होता. घाबरू नका, ते मरण नाही. तुमची चाल मंद होते, उडी बुटकी होते, पण ग्रेनेडचं बटण दाबलं की तोंडातून जी रक्ताची लाट निघते तिने स्क्रीनवरचं जवळपास सगळं साफ होतं, त्यामुळे मी मोठा शत्रू यायच्या आधी मुद्दाम झोंबी होतो आणि काम झालं की औषधाची पेटी घेऊन परत माणूस. शेवटच्या मिशनची विभागणी मनात करून ठेवा, आधी विमानातली लढाई, मग रॉकेटने वर, अवकाश, मग परग्रहवासीयांच्या जहाजाच्या आत जिथे तुमच्यासारखेच दिसणारे क्लोन अंगावर येतात, आणि मग खाली कोसळता कोसळता शेवटचा बॉस. प्रत्येक भागाला किती जीव खर्चायचे ते आधी ठरवा, मी विमानाला एक, अवकाशाला शून्य, जहाजाला दोन असं धरतो. क्लोनच्या भागात घाई करू नका, पळत पुढे गेलात तर मागून आणि पुढून दोन्हीकडून घेरतात. एका जागी उभे राहून जवळ येईल तसं मारत राहा आणि मोकळं झालं की दोनच पावलं पुढे टाका.